गिटारच्या फ्रेटची टोकं हाताला टोचून राहिलीत, कानस मारू की थांबू?

सहातारी_नागपूर
१२ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच काही विचारून राहिलो, चूकभूल माफ करा. मागच्या जुलैत मुंबईत नोकरीला होतो तेव्हा एक अकूस्टिक घेतली, मधल्या किमतीची, शिसवाचा फ्रेटबोर्ड (नेकवरची, म्हणजे दांडीवरची पट्टी, धातूचे आडवे फ्रेट हिच्यातच ठोकलेले), कडेला बाइंडिंग म्हणजे प्लास्टिकची पट्टी नाही. तेव्हा नेकवर हात कसा सरसर जायचा. डिसेंबरात बदली होऊन परत नागपूरला आलो आणि आता दोन-तीन आठवडे झाले, वरून खाली पोझिशन बदलताना तर्जनीच्या मुळाशी खरखर लागते. आधी वाटलं तारेचं टोक असेल. काल एक बार कॉर्ड सरकवली तर बोटाला चक्क चरा उठला, रक्त नाही पण लाल रेघ. मग नख फिरवून बघितलं तर प्रत्येक फ्रेट दोन्हीकडून बाहेर आलेला, करवतीवरून नख फिरवल्यासारखं टक टक टक लागतं. पहिल्या पाच-सहा फ्रेटला कमी, बाराव्याच्या पुढे जास्त. आणि जाडी ई तार तिसऱ्या फ्रेटला बझ करते, म्हणजे फ्रेटला लागून झणझणते, जी आधी करत नव्हती.

दुकानवाल्याला फोन केला तर म्हणे हे वॉरंटीत येत नाही, हवामानाचं आहे. इथे एका माणसाला दाखवलं तर तो म्हणाला ठेवून जा, ग्राइंडर मारून देतो. ग्राइंडर हा शब्द ऐकला आणि गिटार उचलून घरी आलो. बाबांच्या पेटीत एक मोठी कानस आहे, विळ्याला लावायची. ती चालेल का? की हे आपोआप आत जातं? झोप नाही लागून राहिली बे.


बारकोड
१२ एप्रिल, रात्री ११:५८

इतका विचार कशाला करतोस भावा, कानस घे, नेकच्या कडेवरून उभी फिरव, दहा मिनिटांत काम संपतं. मी माझ्या जुन्या इलेक्ट्रिकला केलंय. थोडे चरे पडले लाकडावर पण स्टेजवर कोण बघतंय. हाताला टोचत नाही ना, झालं.


लाकूडभुसा
१३ एप्रिल, सकाळी ७:१५

बारकोडचं ऐकू नकोस, निदान आज तरी नको. आणि विळ्याची कानस तर मुळीच नको, ती दोन घासात शिसवाचे छिलके काढेल.

आधी हे समजून घे की फ्रेट बाहेर आलेले नाहीत, लाकूड आत गेलंय. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं, आणि सोडताना ते आडव्या अंगाने आकसतं, रेषांच्या दिशेने लांबीला जवळजवळ नाहीच. म्हणून फ्रेटमधलं अंतर बदलत नाही, सूर तिथल्या तिथे राहतात, पण फ्रेटबोर्डची रुंदी कमी होते. फ्रेट धातूचा, त्याला कोरड्या हवेचं काही देणंघेणं नाही, तो होता तेवढाच राहतो. मग टोकं उघडी पडतात. मुंबईत पावसाळ्यात घेतलेली गिटार आणि नागपूरचा एप्रिल, म्हणजे ८० टक्के आर्द्रतेतून उचलून दुपारी २० टक्क्यांत ठेवल्यासारखं झालं. दुकानवाला खोटं बोलला नाही.

बझही त्याच घरातलं. अकूस्टिकची टॉप प्लेट, म्हणजे बॉडीची वरची फळी, वाळली की किंचित खाली बसते, तिच्यावरचा ब्रिज, जिथे तारा अडकवतात तो, सोबत खाली येतो, तार फ्रेटच्या जवळ येते. टॉपवर उजेडात तिरकं बघ, साउंडहोल आणि ब्रिजच्या मध्ये खळगा दिसतो का. दिसत असेल तर टोचणारे फ्रेट हा तुझा छोटा प्रॉब्लेम आहे, मोठा हा आहे, कारण पुढची पायरी म्हणजे टॉपला चीर. आणि कृपा करून ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या सळईला, आत्ता हात लावू नकोस. कोरड्या गिटारला रॉड फिरवून सेट केलीस की जूनमध्ये परत उलटी फिरवत बसशील.

आणखी एक तपासून बघ. टोक बाहेर आलंय की वर उचललंय? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनं एटीएम कार्ड घे, त्याची सरळ कड तीन फ्रेटवर आडवी ठेव, नेकच्या अगदी काठाजवळ, आणि डोलतंय का बघ. डोललं तर मधला फ्रेट उंच आहे. मग लाकडी चमच्याच्या दांड्याने ते टोक दाब, हललं तर ते खाचेतून सुटलंय, त्याला कानस नाही, गोंद लागतो. हललं नाही आणि नुसतं बाजूलाच टोचतंय तर मग हवामान.

आता तीन गोष्टी सांग. गिटार कुठे ठेवतोस, खोलीत एसी आहे की कूलर, आणि बॅगेत काय काय आहे.


सहातारी_नागपूर
१३ एप्रिल, दुपारी १:०५

दादा धन्यवाद, ऑफिसातून लिहून राहिलो. एटीएम कार्ड सकाळीच फिरवलं, कुठेच डोललं नाही. टॉपवर थोडा खळगा आहे असं वाटतं, पण आता सांगितल्यावर वाटून राहिलं की खरंच आहे ते कळत नाही. गिटार माझ्या खोलीत कपाटावर, गिग बॅगेत. या वर्षी कूलर काढून एसी घेतला, रात्रभर चालू असतो. आईबाबांच्या खोलीत अजून कूलरच आहे, वाळ्याचा.

बॅगेत काय, एक कॅपो, पिक, तारांचा सेट, आणि बाकी काही नाही.


म्हापशेकार
१३ एप्रिल, दुपारी ४:३०

बाकी काही नाही म्हणतोस, पण बॅगेचा पुढचा कप्पा उघडून बघितलास का रे बाबा? मी का विचारतोय ते सांगतो.

आमच्याकडे गोव्यात सगळं उलटं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत केसच्या आतल्या मखमलीला बुरशी, नेक फुगलेली, ॲक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची वर, आणि फ्रेट हिरवट. त्या फ्रेटच्या तारेला निकेल सिल्व्हर म्हणतात पण त्यात चांदी औषधालाही नाही, तांबं, जस्त आणि निकेल, त्यामुळे घाम आणि खारी हवा लागली की हिरवी पडते. तिला जर्मन सिल्व्हर पण म्हणतात, पण घरात ज्याला आपण जर्मनची भांडी म्हणतो ते ॲल्युमिनियम, ते हे नव्हे. तर मी तीस वर्षं लग्नांत बँडमध्ये वाजवतोय, पावसात भिजलेल्या मांडवात वाजवलंय, आणि फ्रेट बाहेर येणं हा प्रकार मला आयुष्यात एकदाच झाला, तोही माझ्याच शहाणपणाने. बुरशीला वैतागून केसमध्ये सिलिका जेलच्या बारा-पंधरा पुड्या टाकल्या, मोठ्या, त्या कॅमेऱ्यासोबत येतात तशा. पाऊस संपला, पुड्या तशाच. त्यात आमच्या पोराने त्या तव्यावर तापवून ताज्या करून परत आत ठेवल्या, यूट्यूबवर बघून. फेब्रुवारीत केस उघडली तर नेक करवत. म्हापशात! लोक हसले मला.

मुंबईत जुलैत घेतलीस ना, दुकानदाराने पुड्या टाकल्याच असणार. बघ जरा.


सहातारी_नागपूर
१३ एप्रिल, रात्री ९:२०

काका, पाय कुठे आहेत तुमचे.

पुढच्या कप्प्यात दोन, आणि आत हेडस्टॉकजवळ, म्हणजे खुंट्यांच्या टोकाशी, अस्तराखाली तीन. आणि मला आता आठवलं, त्यातल्या दोन मीच टाकल्या होत्या, मुंबईत रूम पार्टनरने सांगितलं म्हणून. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात, एसीच्या खोलीत, कपाटावर छताला लागून, आणि वर सिलिका जेल. गिटारचा पापड केला मी.


स्लाइडरूल
१३ एप्रिल, रात्री १०:४५

कोणीतरी आकडे मांडायला हवेत म्हणून मांडतो, बायको म्हणते सवय जाणार नाही. ७० टक्के आर्द्रतेत लाकूड स्वतःच्या वजनाच्या साधारण १३ टक्के पाणी धरून बसतं, ३० टक्के आर्द्रतेत साधारण ६. शिसव ताज्या ओल्यापासून ठणठणीत कोरडं होईपर्यंत रुंदीला साधारण ३ ते ६ टक्के आकसतं, फळी कशी कापलीय त्यावर. आपला फरक त्या पूर्ण प्रवासाच्या पाव हिस्सा धरू. बाराव्या फ्रेटला नेक ५४ मिमीच्या आसपास. चांगल्या कापाची फळी असेल तर ५४ चे ३ टक्के म्हणजे १.६, त्याचा पाव ०.४, दोन बाजूंना वाटला तर एका टोकाला ०.२ मिमी. आणि हे सगळं पाणी निघून गेलं तर, प्रत्यक्षात तेल, फिनिश, कमी वेळ यामुळे निम्मं धरा, ०.१. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी. म्हणजे तुझ्या बोटाला जे करवत वाटतंय ते दीड केसाएवढं आहे.

नटजवळ, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला, नेक ४३ मिमी आणि वर रुंद होत जाते, आकसणं टक्केवारीत असतं, म्हणून वरच्या फ्रेटला जास्त लागतं. शिवाय खालच्या फ्रेटवर हात सतत फिरून टोकं आधीच थोडी घासलेली असतात.

हे सांगायचं कारण, दीड केस काढायला ग्राइंडर. त्या माणसाला नमस्कार.


मीरा_मिनियापोलिस
१४ एप्रिल, सकाळी ६:०२

मी नागपूरच्याच मोसमात राहते, फक्त उलट्या टोकाला. इथे जानेवारीत बाहेर उणे २० आणि आत हीटर, काही न करता सोडलं तर घरातली आर्द्रता १५-२० टक्के. पहिल्या हिवाळ्यात मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी फ्रेट टोचायला लागले, मी हातमोज्यासारखं बोटाला चिकटपट्टी लावून वाजवत राहिले, कारण क्लासचा कार्यक्रम होता, आणि फेब्रुवारीत एका रात्री खोलीत ठक्कन आवाज आला. टॉपला ब्रिजपासून खालपर्यंत चीर. तेव्हा सातशे डॉलरची गिटार होती आणि मी शिकत होते, रडले मी. तर लाकूडभुसा जे सांगतायत ते मनावर घे, टोचणं म्हणजे गिटार तुला आधीच हाक मारतेय.

काय करायचं ते अगदी स्वस्त आहे. प्रवासाची प्लास्टिकची साबणाची डबी घे, झाकणाला तापलेल्या सुईने वीस-पंचवीस भोकं पाड, आत भांडी घासायचा नवा स्पंज, पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला. इतका पिळ की दाबल्यावर थेंब पडता कामा नये. एक डबी हेडस्टॉकजवळ, एक बॉडीच्या बाजूला, आणि बॅग बंद. गिग बॅगेतून हवा जाते, म्हणून सरळ मोठी प्लास्टिक पिशवी वरून ओढ, गादीची येते ती. स्पंज दर दोन दिवसांनी बघ. बॅगेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी, त्याच्या वर जाऊ नकोस, आणि घाई करू नकोस, दोन-तीन आठवडे लागतात. लाकूड जसं हळूहळू वाळलं तसंच हळूहळू पितं.

मापायला एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर घे, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको, माझा पहिला दहा टक्के खोटं बोलायचा. तपासायची युक्ती: बाटलीच्या बुचात साधं मीठ, त्यावर थोडे थेंब पाणी, मीठ ओलसर चिखलासारखं व्हायला हवं, विरघळायला नको. ते बूच आणि हायग्रोमीटर दोन्ही झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेव. सकाळी ७५ दाखवायला पाहिजे. ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळव. मिठाची ही ७५ ची गोष्ट पक्की आहे, स्वयंपाकघरातल्या उकाड्याने तिला फारसा फरक पडत नाही.

आणि आईबाबांच्या कूलरच्या खोलीत गिटार हलवायचा मोह होईल, चालेल पण कूलरच्या समोर नाही, तुषार उडतात. दाराजवळच्या कोपऱ्यात.


तरफ
१४ एप्रिल, सकाळी ११:१०

मी सतारवाला, मिरजेत शिकलो, इथे उगाच घुसतोय. तुमचा हा त्रास वाचून गंमत वाटली कारण आमचे पडदे, म्हणजे तुमचे फ्रेट, लाकडात ठोकलेले नसतातच, दांडीवरून दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवायचे असतात म्हणून. दांडी फुगो की आकसो, पडदा वरच्यावर. फारतर दोरा सैल पडतो, आवळला की झालं. शेकडो वर्षांपूर्वी कोणी नागपूरच्या उन्हाचा विचार करून हे केलं असं नाही म्हणत मी, पण उपयोग झाला खरा. (आमचे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, त्यातून वाद्यांकडे वळलेले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे आपलं जाता जाता.)

पण कानशीबद्दल एक सांगतो, कारण ती आमच्याकडेही रोजची. जवारी लावताना, म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून, कारागीर तारांखालच्या घोडीवर कानस फिरवतो, दोन घास, मग तार छेडून ऐकतो, परत एक घास, परत ऐकतो. हात चालतो त्यापेक्षा कान जास्त वेळ चालतो. एक घास जास्त झाला की सगळा पृष्ठभाग पहिल्यापासून. मी एकदा घरी स्वतः करायला गेलो होतो, तंबोरा महिनाभर तोंड बंद करून बसला. तेव्हा जे कराल ते घास मोजून करा.


बारकोड
१४ एप्रिल, दुपारी १२:२५

बरं बाबांनो, मान्य. पण एक विचारतो, उन्हाळ्यात ओलं करून टोकं आत घातली तर पुढच्या उन्हाळ्यात परत बाहेर येणारच ना? दर वर्षी साबणाची डबी? एकदाच घासून टाकलं तर कायमचं संपतं की. माझी त्यानंतर कधी टोचली नाही.


लाकूडभुसा
१४ एप्रिल, रात्री ८:५०

बारकोड, हा प्रश्न चांगला आहे आणि अर्धा तू बरोबर आहेस. टोकं कोरड्या दिवसांतच घासावीत. पावसाळ्यात फुगलेल्या नेकवर घासलीस तर उन्हाळ्यात परत बाहेर येतात, कोरड्यात घासलीस तर पुढे ती लाकडापेक्षा केसभर आत राहतात, त्याने काही बिघडत नाही. पण कोरडं म्हणजे पुण्याच्या मार्च महिन्याचं कोरडं, सिलिका जेलमध्ये भाजलेलं नव्हे. आजारी माणसाचं माप घेऊन शर्ट शिवत नाहीत. म्हणून क्रम असा, आधी दोन-तीन आठवडे गिटारला तिच्या नेहमीच्या जागेवर आण, टॉप वर येऊ दे, बझ गेला का बघ, आणि त्यानंतरही जी टोकं टोचतील तेवढीच घास. बहुतेक वेळा निम्मी आपोआप गप्प होतात.

आता घासायचं कसं, सविस्तर लिहितो, कारण हे कोणी नीट सांगत नाही आणि मी स्वतः पहिल्या गिटारची कड खाल्लीय.

कानस बारीक दात्याची, स्मूथ कटची, सपाट, सहा-आठ इंची. दुसरी म्हणजे सोनाराकडे असतात तशा सुईसारख्या बारीक कानशींचा सेट, त्यातली त्रिकोणी. या त्रिकोणीच्या तिन्ही धारा आधी पाण्याच्या पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत करून घे, नाहीतर फ्रेटचा कोपरा घासताना धार खाली फ्रेटबोर्डमध्ये रेघ मारते. तारा काढ. साउंडहोलवर कागद चिकटव. नेकखाली गोधडीची गुंडाळी. नेकच्या कडेला, फ्रेटच्या टोकांच्या लगेच खाली, मास्किंग टेपचे दोन थर. तेल लावलेल्या लाकडाला टेप धरत नाही, म्हणून तेल नंतर.

प्रत्येक टोकाला काळ्या मार्करने ठिपका दे. मग सपाट कानस नेकच्या बाजूला लांबीच्या दिशेने टेकव, एका वेळी चार-पाच फ्रेटवर टेकली पाहिजे, म्हणजे ती मध्ये बुडत नाही. नेक नटकडे निमुळती होत जाते, तिच्या उताराप्रमाणे हात जाऊ दे. वजन द्यायचं नाही, कानशीचं स्वतःचं वजन पुरे. सुरुवातीला टर्र टर्र असा तुटक आवाज येतो, टोकं संपत आली की आवाज लांब आणि सपाट होतो. तरफ म्हणाले तेच, कान ठेव. टेपवर पहिला चरा उठला की थांब. तिथून पुढे लाकूड आहे.

आता टोकं लाकडाला समतल झाली पण कोपरे ब्लेडसारखे झाले. सगळ्यांची चूक इथे होते, समतल झालं की काम संपलं म्हणतात, आणि मग आधीपेक्षा जास्त कापतं. वीस फ्रेट, चाळीस टोकं, प्रत्येकाला दोन कोपरे, म्हणजे ऐंशी. त्रिकोणी कानस फ्रेटच्या कोपऱ्यावर तिरकी धरायची आणि घास वरून खाली, लाकडाकडे ढकलत, तीन किंवा चार. खालून वर ओढायची नाही, टोक खाचेतून उचकटतं. ऐंशी कोपरे एका बैठकीत करू नकोस, साठाव्याला माणूस कंटाळून जोर लावतो.

चौदाव्याच्या पुढचे फ्रेट बॉडीवर येतात, तिथे मोठी कानस टेकतच नाही, बारीकच वापर आणि टॉपवर पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा चिकटव. शेवटी ६०० आणि मग १००० नंबरचा पेपर, खोडरबरावर गुंडाळून, प्रत्येक टोकावरून गोल. भुसा फुंकू नकोस, नाकातोंडात जातो, ओलसर फडक्याने पूस. लोहचुंबक फिरवून काही हाती लागत नाही, निकेल सिल्व्हर चुंबकाला धरत नाही. कोणाची इलेक्ट्रिक असेल आणि स्टील वूल वापरणार असाल तर उलटा त्रास, त्याचे तुकडे पिकअपला, म्हणजे तारांखालच्या चुंबकांना, जाऊन बसतात, आधी पिकअप झाका.

तपासायला कापसाचा बोळा, कडेवरून अलगद फिरव. जिथे तंतू अडकतो तिथे कोपरा शिल्लक आहे. बोट खोटं बोलतं, कापूस नाही.

बाइंडिंग असलेल्या किंवा मेपलच्या लॅकर केलेल्या फ्रेटबोर्डला हे घरी करू नका. तिथे टोक लॅकरच्या आतून दाबतं, घासताना लॅकरचा पापुद्रा निघतो. एका ओळखीच्याची बाइंडिंगवाली गिटार एका कारागिराने फ्रेटसकट बाइंडिंगही घासून दिली, आता प्लास्टिकची पट्टी मध्येच जाड मध्येच बारीक, वर पंधराशे रुपये घेतले.


मीरा_मिनियापोलिस
१५ एप्रिल, सकाळी ५:४०

तेलाबद्दल पण लिहा ना, नाहीतर कोणीतरी खोबरेल चोळेल. माझ्या सासूबाईंनी प्रेमाने सुचवलं होतं.


लाकूडभुसा
१५ एप्रिल, सकाळी ८:०५

खोबरेल, राई, शेंगदाणा काहीही नको, पुढे खवट वास येतो आणि चिकट थर बसतो. फ्रेटबोर्डसाठी मिळणारं लेमन ऑइल म्हणजे मुळात मिनरल ऑइलच असतं, त्याचे चार थेंब, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं, वर्षातून एक-दोनदा. पण तेल म्हणजे पाणी नाही. तेलाने लाकूड परत फुगत नाही, फक्त आतलं पाणी जरा सावकाश जातं. टोचणाऱ्या फ्रेटवर तेल हा उपाय नाही. आणि कोणी उकळलेलं जवसाचं तेल वापरत असेल तर त्याचं फडकं चुरगळून कचऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं, उघडं पसरून वाळवा.


सहातारी_नागपूर
९ मे, रात्री १०:१५

सगळ्यांना उशिरा का होईना अपडेट. सिलिका जेल त्याच रात्री बाहेर, आईने धण्याच्या डब्यात ठेवते म्हटलं तर ओरडलो. हायग्रोमीटर मागवला, मीरा ताईंची मिठाची परीक्षा घेतली, त्याने ७२ दाखवलं, म्हणजे तीन कमी. बॅगेतला पहिला आकडा २१ होता, तीन मिळवून २४. एसीच्या खोलीतून गिटार आईबाबांच्या खोलीत, कूलरच्या विरुद्ध कोपऱ्यात, गादीच्या पिशवीत, दोन साबणाच्या डब्या. बाबा रोज विचारत होते, पेशंट कसा आहे. चौथ्या दिवशी ३८, नंतर ४७-४८ वर थांबला.

दहाव्या दिवसापर्यंत काहीच फरक नव्हता आणि मी इथे येऊन तक्रार करणार होतो, पण मग एका सकाळी जाडी ई वाजवली आणि बझ गायब. टॉपचा खळगा पण सपाट झाला, म्हणजे होता तो खरंच. तीन आठवड्यांनी नख फिरवलं तर आठव्या फ्रेटपर्यंत शांत. नवव्यापासून पुढे अजून टक टक होतं, पण बारीक.

मग परवा शनिवारी बसलो. त्रिकोणी कानस काकांच्या सराफी दुकानातून आणली, त्यांनी आधी विचारलं काय घासणार, मग स्वतःच दगडावर तिच्या धारा मोडून दिल्या, म्हणाले सोन्याचे पैसे नाही घेणार. टेप, मार्कर, सगळं सांगितल्याप्रमाणे. तो टर्र टर्र वरून सपाट होणारा आवाज खरंच कळतो, मी तर डोळे मिटून करून राहिलो होतो शेवटी. एका बाजूला चांगलं गेलं. दुसऱ्या बाजूला तेराव्या फ्रेटजवळ कूलरचा पंप बंद पडला म्हणून बाबांनी हाक मारली, मान वळवली आणि कानस टेपवरून घसरली, शिसवावर तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी रेघ. तेल लावल्यावर बरीच दबली, पण मला दिसते. बारकोड म्हणतो तसं स्टेजवर कोणाला दिसणार नाही, फक्त मला अजून स्टेज मिळालेलं नाही.

कोपरे दोन दिवसांत केले, चाळीस आणि बेचाळीस, बहुतेक दोनदा झाले असतील. हात आता मुंबईसारखाच सरकतो.

कापसाचं पण केलं. घरात देवाच्या वातींचा कापूस होता तोच फिरवला, सगळीकडून सुळकन गेला, फक्त सतराव्या फ्रेटला खालच्या बाजूने एक तंतू अडकून राहिला. उद्या बघतो त्याच्याकडे, आज आईने कापूस परत मागून घेतलाय, म्हणाली गिटारला पुरे झालं, उद्या वाती लागतील.